काठ अकरा हात

सोमवार, ९ जून १९४१. सकाळी, शिवपूजा झाल्यावर

गेल्या सालच्या हिशेबाच्या वहीत चाळीस पाने कोरी राहिली आहेत. नवी वही आणायची नाही, हीच पुरवायची. बारीक अक्षर काढले तर दिवाळीपर्यंत जाईल.

विषय: गल्लीच्या पाण्याचा कायमचा बंदोबस्त.

आमच्या गल्लीला उतार आहे. वरच्या बावीस घरांचे पावसाचे पाणी कस्तुराबाईंच्या दारापुढे साचते. तिथून एक ओघळ मठामागून सात वळणे घेत जातो आणि रुद्रभूमीच्या, म्हणजे आमच्या दफनाच्या जागेच्या, काठावरून ओढ्यात पडतो. दर पावसाळ्यात घोट्याच्या वर चिखल. डास. हिवताप. सोलापूरला आमच्या पेठेत म्युनिसिपालिटीच्या बांधीव गटारी होत्या. लग्न होऊन वालूरला येईपर्यंत मी असा चिखल पाहिला नव्हता. मी मॅट्रिक आहे. इथे मॅट्रिक झालेली बाई एकच. पुरुष तीन, त्यातले दोघे गाव सोडून गेले आणि तिसरे तपकीर ओढण्याखेरीज काही करीत नाहीत. तेव्हा काम माझ्याकडे येते हे उघड आहे.

पाहणीसाठी ओढ्यापर्यंत गेले. गेलेच होते म्हणून सहज नीलाच्या समाधीपासून काठापर्यंत अंतर मोजले. अकरा हात. हात म्हणजे माझा, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. गेल्या जूनमध्ये अठरा भरले होते. एका पावसाळ्यात सात गेले. म्हणजे अजून पुष्कळ आहे.

नीला आमची मुलगी. दीड वर्षापूर्वी कार्तिकात लिंगैक्य झाली. पाच वर्षांची होती. आम्हा लिंगायतांत सुतक धरत नाहीत, रडत बसत नाहीत. जीव शिवात मिळाला, मागे राहते ती माती. गल्लीत कुणाकडे काही झाले तर मीच जाऊन हे समजावून सांगते. तेव्हा या कामाचा आणि तिचा काही संबंध नाही, हे पहिल्याच पानावर लिहून ठेवते. कामाचा विषय चिखल हा आहे.

यांना सगळे सांगितले. हे ऐकून घेऊन दुकानात गेले. किराण्याच्या धंद्याने माणूस असा मुका होत असेल असे वाटत नाही. मुळातच आहेत.

बुधवार, ११ जून

प्लॅन काढला. जुन्या पंचांगाच्या पाठीवर, पेन्सिलीने. दोन बिंदूंमधील सर्वांत कमी अंतर म्हणजे सरळ रेषा, हे आम्हाला जॉमेट्रीत पहिल्या महिन्यात शिकवले. जुना ओघळ सात वळणे घेतो, म्हणून पाणी रेंगाळते, म्हणून चिखल. नाला सरळ केला की पाणी न थांबता ओढ्यात. इतकी साधी गोष्ट बावीस घरांतल्या एकालाही सुचू नये.

दगडाबाईला बोलावले. जात वडार, दगड फोडण्याचे आणि बांध घालण्याचे काम करते, ओढ्याकाठीच पाल आहे. तिने प्लॅन उलटा धरला. मी सुलटा करून दिला. तिने तो तसाच खाली ठेवला आणि जमिनीकडे पाहत म्हणाली, "आक्का, पाण्याला पळवू नगा. पळालं की ते दात लावतंय. वळणं हायती म्हून गप हाय बिचारं. त्याला दमवा, आडवे दगड टाका, हराळी लावा."

तिला वीसच्या पुढे मोजता येत नाही. अनुभव आहे, पण प्रमेय नाही. चहा दिला.

शुक्रवार, १३ जून

सरकारात दरख्वास्त. संस्थानात ती उर्दूतच द्यावी लागते. मी मराठीत बारा मुद्दे काढले. यांनी ते अर्ज लिहून देणाऱ्याकडे नेले आणि अर्ज परत आणला तेव्हा कागदावर अडीच ओळी. बारा मुद्दे अडीच ओळींत कसे मावले विचारले. म्हणाले, मावले. खाली तारीख अमरदाद महिन्याची, १३५० फसली. आपल्याच अर्जावरची तारीख आपल्याला वाचता येऊ नये, ही नामुष्की आहे.

संकल्प: उर्दू शिकणे. रोज पाच अक्षरे.

सोमवार, १६ जून. दुपारी

ओट्यावर बायकांची सभा घेतली. सतरा आल्या. मी डास आणि हिवतापावर बोलले. कस्तुराबाई मध्येच म्हणाल्या की सोलापूरच्या पंडितीण बाईंनी आमाला लय शानं केलं, आता फावडं कुनी धरायचं ते सांगा. हशा झाला. त्या शेतकरी घरातल्या, जिभेला लगाम नाही, पण मनाने वाईट नाहीत. त्यांच्या सुनेला आठवा सरत आला आहे. बाळंतिणीची खोली रस्त्याच्या बाजूची, दर पावसाळ्यात तिथे पाणी शिरते, बाजेचे पाय विटांवर ठेवावे लागतात. त्यांनी विचारले, सुनेच्या वक्ताला खोली कोरडी राहील का. मी शब्द दिला.

ठरले: दर घराने एक सकाळ आणि असतील तेवढ्या फरशा.

जमीनमहसुलाचे गिरदावरसाहेब पाहणीला आले होते. मी दारामागे उभी राहून मुद्दे सांगितले, हे ओट्यावर बसून पुढे पोचवत होते. मी एवढे बोलायचे आणि हे एवढेसे सांगायचे. साहेबांनी जरीब, म्हणजे मोजणीची साखळी, टाकून मोजले. रुद्रभूमीची ती कड त्यांच्या दप्तरात रुद्रभूमी म्हणून नाहीच. नाल्याचा किनारा, पोटखराब, म्हणजे पिकाला निकामी, असे लिहिलेले आहे. बरसात झाल्यावर पुन्हा मुआयना, म्हणजे पाहणी, करू म्हणाले. म्हणजे सरकारने मनावर घेतले.

उर्दू: अलिफ, बे. बाकी उद्या.

शनिवार, २१ जून

नाला पुरा झाला. पाच सकाळी लागल्या. दोरी लावून सरळ खणला आणि तळाला फरशा बसवल्या. कुणी न्हाणीची जुनी फरशी दिली, कुणी कपडे धुण्याचा दगड. आमच्या अंगणातल्या चौदा फरशा मी स्वतः उचलून दिल्या, त्या ओढ्याकडच्या तोंडाशी बसल्या. विकत काही आणावे लागले नाही. मठापासून पाहिले तर वरपासून ओढ्यापर्यंत एक रेघ दिसते. मास्तरांना दाखवावी अशी.

दगडाबाईने फरशा बसवून दिल्या. नीट बसवल्या, पण तोंड पाडून.

गुरुवार, २६ जून

दुपारी तीनपासून साडेपाचपर्यंत मोठा पाऊस. साडेसहाला गल्ली कोरडी. लिहून ठेवते: साडेसहाला. पाणी रेल्वेसारखे गेले. पोरे नाल्यात कागद सोडत होती, डोळ्याचे पाते लवते न लवते तो कागद दिसेनासा. बायका आपापल्या दारात उभ्या राहून नुसत्या बघत होत्या. कस्तुराबाईंनी खडीसाखर आणून दिली आणि म्हणाल्या, शिकल्याचं सोनं झालं. मी म्हटले, त्यात काय एवढे.

काठाकडे जायला सवड झाली नाही. पाणी ओढ्यात पडत असणार, दुसरीकडे कुठे जाईल.

सोमवार, ३० जून

काठ साडेआठ हात.

चार दिवसांत अडीच हात गेले असे होणार नाही. मागच्या वेळी मोजताना हात जास्त ओढला असेल. शिवाय चातुर्मासाचे उपास सुरू होतील म्हणून आतापासून मी एक वेळ जेवते, त्याने हात आखडतो. नवीन नाल्याला जागा धरायला वेळ लागतो, हेही आहे. मग थांबेल.

समाधीवरची विभूती पावसाने गेली होती. नवीन लावली. तिकडे गेलेच होते.

सोमवार, ७ जुलै

सात हात. यांना सहज मोजायला सांगितले. यांच्या हाताने सहाच भरले. यांचा हात मोठा आहे. माप एकाच हाताचे धरावे, नाहीतर हिशेबाला अर्थ राहत नाही. माझेच धरले.

मंगळवार, ८ जुलै. आषाढी पौर्णिमा

दगडाबाई स्वतःहून आली. तिचे पाल काठापासून हलवून वर नेले म्हणाली. मी विचारले नव्हते. मग म्हणाली, नाल्याच्या मधल्या फरशा काढा, पाणी जुन्या वळणात सोडा, तोंडाशी मी दगडाच्या तीन पायऱ्या घालून देते, पैसे नकोत. "अजून हाय तवर करा आक्का," एवढे म्हणून माझ्याकडे न बघता गेली.

रात्रभर विचार केला. प्रमेय बरोबर आहे. अंतर खरेच कमी झाले, यात चूक नाही. फक्त वेगाचा विचार जॉमेट्रीत येत नाही, तो पुढच्या वर्गात असतो आणि मी पुढच्या वर्गात गेले नाही.

निर्णय: फरशा काढणे. उद्याच.

बुधवार, ९ जुलै

सकाळी कुदळ घेऊन गेले. पहिली फरशी उचलायच्या आत कस्तुराबाई आल्या, मागून आणखी सात-आठ जणी. त्यांना वाटले मी दुरुस्ती करते आहे. मोडते आहे म्हटल्यावर त्या नाल्यातच उभ्या राहिल्या.

कस्तुराबाई म्हणाल्या, "तुमीच बांधला, तुमीच मोडायलाव? माझी सून आज-उद्यावर आली. का मोडायचा ते खरं सांगा, मी बाजूला व्हते."

मी त्यांना पाण्याच्या वेगाचे तोटे सांगितले. वाहून जाणारा गाळ शेताला कसा उपयोगी असतो ते सांगितले. ओढ्याच्या काठाची झीज सार्वजनिक हिताला कशी बाधक, तेही. त्यांनी सगळे ऐकले. माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, आणखी काही येईल म्हणून वाट बघत असल्यासारख्या. मग म्हणाल्या की गाळाचं आमी बघून घेऊ, कुदळ द्या इकडं.

कुदळ आमची होती, पण दिली.

संध्याकाळी यांना कळले. मी दिवा लावत होते, तेव्हा हे मागे उभे राहून म्हणाले, "मी सांगू का त्यांना? नीलाचं?"

मी म्हटले यात नीलाचा काय संबंध. लोकांच्या दारात आपले गाऱ्हाणे घेऊन जायचे नाही. धर्मात बसत नाही. आज पहिल्यांदाच वाटले की गप्प बसण्याआधी आणखी एकदा विचारतील. विचारले नाही.

सोमवार, १४ जुलै

आनंदाची बातमी. काठाला कुणीतरी दगड रचले आहेत. समाधीच्या बरोबर खाली, दोन थर, बाजूला बाभळीच्या फांद्या टाकून वर माती. सरकारचेच काम, दुसऱ्या कुणाला काय पडले आहे. म्हणजे गिरदावरसाहेबांनी वर कळवले आणि हुकूम सुटला. अडीच ओळींत काम झाले, हे मान्य करावे लागते.

काठ साडेसहा. स्थिर.

हे हल्ली पहाटे लवकर उठून दुकानात जातात. गुळाची आवक आहे म्हणतात.

सोमवार, २१ जुलै

सव्वासहा. दगडांचा तिसरा थर आला आहे. सरकारचे आभार मानणारे पत्र लिहिले, मराठीत, उर्दू अजून सात अक्षरांवर आहे. यांना म्हटले दुकानातून जाताना टाका. यांनी पत्र घेतले, वाचले, घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवले. यांच्या उजव्या हाताचे नख काळेनिळे झाले आहे. काय झाले विचारले तर म्हणाले, पोते पडले. धोतराला पिवळा चिखल लागतो तो निघत नाही. दुकानात पिवळा चिखल कुठून येतो कळत नाही. धुऊन धुऊन धोतर विरले.

सोमवार, २८ जुलै. श्रावणी सोमवार पहिला

शनिवार-रविवार लागून पाऊस. तीन थर गेले, बाभळीसकट. काठ चार हात.

सरकारी काम असेच कच्चे, असे दगडाबाईला म्हटले. ती खडी फोडत होती. हातोडा खाली ठेवून म्हणाली, "सरकार कशाला येतंय आक्का. मालक येतेत रोज पहाटं. येकटेच. मी म्हनलं द्या इकडं, बाईमानसाला सवय हाय. तर न्हाई म्हनले, माझं मला करू दे."

घरी येऊन स्वयंपाक केला. यांना वाढले. भाकरीवर तूप घातले, श्रावणी सोमवारी आमच्याकडे तूप वर्ज्य असून. यांनी बघितले आणि खाल्ले.

दगडाबाई उद्या येऊन पक्का बांध घालते म्हणाली होती. पण उद्या नागपंचमी, जमीन खणायची नाही. परवापासून.

गुरुवार, ३१ जुलै

परवा आणि काल पाऊस. ओढ्याला पाणी, पाय ठरत नाही. बांध राहिला. दगडाबाईचे म्हणणे, वरून नाल्याची धार सुरू आहे तोवर खालून दगड ठरायचे नाहीत. नाल्याचे काय ते मी बघते म्हटले. काय बघायचे ते अजून ठरले नाही.

संकल्प: चित्त शांत ठेवणे. पंचाक्षरी रोज एक हजार आठ वेळा.

शनिवार, २ ऑगस्ट

कस्तुराबाईंच्या सुनेला मुलगा झाला. बाहेर धो धो पाऊस आणि खोली कोरडी. बाजेखाली विटा नाहीत. त्यांनी मला मुद्दाम बोलावून जमिनीला हात लावून बघायला सांगितले. मी लावला. कोरडी होती. त्या माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या की हे पोर तुमच्या नाल्यानं आलं. मी म्हटले चांगले झाले. बाळाच्या मुठी चांगल्या घट्ट आहेत. मी दिलेला शब्द पाळला गेला, ही समाधानाची गोष्ट आहे.

येताना काठाकडून आले. तीन.

गुरुवार, १४ ऑगस्ट

आता उगाच आढेवेढे घेण्यात अर्थ नाही. काठ दीड हात. मठात जाऊन स्वामींना विचारले, समाधी हलवता येते का. चिखलाच्या कामाचा भाग म्हणून विचारले.

स्वामी वयस्कर आहेत, नीलाला त्यांनीच लिंग बांधले होते आणि त्यांनीच तिच्या डाव्या तळव्यावर ते ठेवून तिला समाधीत बसवले होते. म्हणाले, लिंगैक्य झाल्याला हलवायचे नसते, कारण तिथे कुणी नसते. पण आईच्या जिवासाठी माती हलवली तर शिव रागावणार नाही. वर कडुनिंबाखाली घट्ट मुरूम आहे, तिथे नेऊ. उद्याच सकाळी चला.

मी म्हटले सोमवारी. श्रावणातला चौथा सोमवार आहे.

ते म्हणाले, "बाई, आपल्यात मुहूर्त बघत नाहीत. तुला ठाऊक आहे. उद्या चल."

मी म्हटले मुहूर्त नाही, पण वार शिवाचा आहे, घाईत करायचे नाही, तयारी करायची आहे. यांनीही उद्याच म्हटले, दोनदा. मी सोमवारच धरला. धर्माचे काम आहे, वार महत्त्वाचा. दुसरे काही कारण नाही. उकरल्यावर काय दिसेल याची मला भीती वाटते असे हे म्हणाले, ते खोटे आहे. मागे राहते ती माती.

कडुनिंबाखाली तेव्हाही सुचवले होते यांनी. मुरूम खणायला वेळ लागला असता. संध्याकाळ होत आली होती, कार्तिकातली थंडी, तिच्या अंगावर एकच वस्त्र. मीच म्हटले ओढ्याकडची मऊ जागा घ्या, लवकर होईल. ही गोष्ट वहीत लिहिण्याचे कारण नव्हते. लिहिली आहे तर राहू दे. पान फाडले तर मागचे पानही सुटते.

रविवार, १७ ऑगस्ट. संध्याकाळी

तयारी पुरी. विभूती, बेल, नवे पांढरे वस्त्र. वस्त्र दोन वार सांगितले होते, यांनी चार आणले, कधी नव्हे ते मी बोलले नाही. दगडाबाईने कडुनिंबाखाली खड्डा खणून ठेवला आहे. मी उतरून पाहिला. तळ कठीण आहे. पाणी तिथे शंभर वर्षे जाणार नाही.

आकाश मोकळे. चांदण्या दिसायला लागल्या. दोन दिवस पाऊस नाही, आज रात्रीही येत नाही. काठ सव्वा हात. पुरेसा आहे. उद्या सकाळी सातला निघायचे.

आज पंचाक्षरी पूर्ण झाली. मन शांत आहे.

सोमवार, १८ ऑगस्ट. श्रावणी सोमवार चौथा

पहाटे तीन ते पाच पाऊस. सहाला गल्ली कोरडी.

काठ

शनिवार, २३ ऑगस्ट

सोमवारचे लिहायचे राहिले होते. लिहिते.

आम्ही सातच्या आधीच गेलो. स्वामी काठी टेकत मागून आले. समाधी नव्हती. जिथे होती तिथे पिवळी उभी दरड होती, ताजी, आणि आमच्या चौदा फरशांवरून पाणी अजून पडत होते. हे तसेच खाली उतरले. कमरेइतक्या पाण्यात वाकून दोन्ही हातांनी तळ चाचपत होते. दगडाबाई उतरली. दोघे खाली खाली जात राहिले, बाभूळबनापर्यंत. बारापर्यंत शोधले. मी वर वस्त्र धरून उभी होते. कुणी खाली ठेव म्हटले नाही, म्हणून धरूनच होते.

काही सापडले नाही. हे वर आले तेव्हा मुठीत काहीतरी आहे असे मला वाटले. उघडली तर चिखल होता.

तोवर गल्ली काठावर आली होती. कस्तुराबाई पुढे आल्या. मला वाटले आता नाल्याबद्दल बोलतील. त्यांनी माझ्या हातातले वस्त्र बघितले, मग दरड बघितली, मग मागे नाल्याकडे. मग एकदम खाली बसल्या.

"आक्का, ती हितं हाय हे आमाला ठावं हुतं, पर ती तुमाला एवढी हाय हे ठावं न्हवतं. येक शबुद टाकला असता. आमी हातानं फरशी उपसली असती. बाळंतीन उचलून मठात निजवली असती."

मी त्यांना आमच्यातली समजूत सांगायला लागले. जीव शिवात मिळतो आणि मागे राहते ती. पुढचे सांगता आले नाही. त्यांनी माझे डोके छातीशी धरले. भर काठावर, बावीस घरांसमोर. किती वेळ ते मोजले नाही.

मंगळवार, २६ ऑगस्ट

कस्तुराबाईंनी आणि बाकीच्यांनी नाल्याच्या मधल्या आणि तोंडाच्या फरशा काढल्या. मी सांगितले नव्हते. आता गरज नाही, असे म्हणायला गेले होते, तोवर काढून झाल्या होत्या. आमच्या चौदा आमच्या दारात आणून लावून ठेवल्या. धुऊन.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

गिरदावरसाहेब आले, बरसातीनंतरच्या मुआयन्याला. जूनच्या दरख्वास्तीचा कागद त्यांच्या दप्तरात निघाला. आज मी दारामागे उभी राहिले नाही. ओट्यावर आले.

ते कैफियत, म्हणजे पाहणीचा अहवाल, लिहायला बसले. किनाऱ्याची जागा वाहून गेली, त्या जागेत काय होते तो रकाना भरायचा होता. पीक, झाड की इमारत, असे विचारले.

मी काही सांगायच्या आत हे म्हणाले, "आमची लेक होती तिथं."

साहेबांनी कलम कागदावरून उचलले. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग हलक्या आवाजात म्हणाले की हे रकान्यात बसवता येत नाही, माफ करा, पण गेलेल्या जागेचे माप तरी सांगा, मापाशिवाय कागद पुढे सरकत नाही.

यांनी माझ्याकडे बघितले. मापे माझ्याकडे असतात.

मी म्हटले, सव्वादोन हात.

त्यांनी लिहून घेतले. ते जागेचे माप नव्हते. नीला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहायची तेव्हा तेवढी भरायची. मला दुसरे कुठलेच माप आठवेना.